सदाशिव पेठेचा खण

पुण्याला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या अकोल्यात लोक आधी विचारतात, बाकरवडी आणली का. आणली नाही. सिंहगड पाहिला नाही, बागा पाहिल्या नाहीत, सारसबागेच्या बाजूने दोनदा रिक्षा गेली तेवढंच. चार दिवसांत मी एक पोस्ट पाहिलं. तेही पत्र टाकायला किंवा घ्यायला नव्हे, आईच्या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला. ज्यांना पुण्याची प्रेक्षणीय स्थळं हवी आहेत त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

निमित्त वर्तमानपत्रातल्या एका फोटोचं. पुण्यातल्या त्या जुन्या दगडी पोस्टाची दुरुस्ती पूर्ण झाली होती आणि वारसा यादीतली इमारत म्हणून आतला टपाल लावायचा हॉल लोकांना पाहायला खुला केला होता. माझे वडील त्याच हॉलमध्ये सॉर्टर होते. पहाटे आलेल्या पिशव्या फोडायच्या आणि पत्रं पत्त्यांप्रमाणे लाकडी खणांत टाकायची, हे त्यांचं काम. मी तो फोटो आईला दाखवला. आई चौऱ्याऐंशीची आहे, गुडघे गेले आहेत, पण नजर अजून शाबूत आहे. तिने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "जाऊन ये. त्यांच्या खणांसमोर उभी राहा. तिथे अंधार आहे का, एवढंच बघून ये."

आईचा हा अंधार समजायला थोडं मागे जावं लागेल.

आमच्याकडे मरणाची बातमी देणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडायची रीत होती. कोपरा फाटलेलं कार्ड आलं की ते उंबऱ्याबाहेरच वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं, अंघोळ करायची आणि मग घरात यायचं. बाबा घरी सांगत असत की अशा कार्डाला हात लागला की अंगठ्याला आपोआप कळतं, आणि ते गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवायचं, म्हणजे पोस्टमन पहिल्यांदा तेच देतो. "माझ्या हातून असं कार्ड कधी खाली राहिलं नाही," असं ते अभिमानाने म्हणायचे.

मी सातवीत असताना आईचे वडील गेले. आई एकुलती एक. वऱ्हाडातलं आडगाव, तार करायला तालुक्याला जावं लागायचं, तिच्या काकांनी कार्ड टाकलं. ते फिरत फिरत नवव्या दिवशी सकाळी साडेदहाला आमच्या सदाशिव पेठेतल्या दारात आलं. त्या बाजूला जाणारी एसटी सकाळी आठला एकच सुटायची, ती गेली होती. आई दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघाली आणि दहाव्याचा विधी आटोपल्यावर संध्याकाळी पोचली. तिथे बायकांनी सांगितलं, पिंडाला कावळा शिवेना. दुपार टळेपर्यंत सगळे वाट पाहत बसले. लेकीची वाट बघतायत, असं जो तो म्हणत होता. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

आई परत आली आणि तिने बाबांना एकच प्रश्न विचारला. मी तिथेच वहीत काहीतरी गिरवत बसले होते. "ते कार्ड सकाळी सहाला तुमच्या हातून गेलं ना?"

बाबा म्हणाले, "हो."

बस. सहाला पाहिलं असतं आणि सायकल मारत घरी आले असते तर आठची एसटी मिळाली असती. आईने पुढे काही विचारलं नाही, बाबांनी काही सांगितलं नाही. वर्षभरात त्यांनी अकोल्याला बदली मागून घेतली. त्यानंतर संसार झाला, सगळं झालं, पण आई बाबांशी कामापुरतंच बोलली. अकरा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा ती रडली नाही. लोकांना वाटलं, धीराची बाई. मला खरं कारण माहीत होतं. आता म्हातारपणी ती स्वतःच बाबांसाठी एक पळवाट शोधत होती: हॉलमध्ये अंधार असेल, पत्ता नीट दिसला नसेल, हातून गेलं पण नजरेतून गेलं नसेल. मला तो अंधार पाहून यायचं होतं.

सदाशिव पेठ

गाडी कशी होती ते सांगत नाही, गाडीसारखी होती. पहिला दिवस मी आमच्या जुन्या गल्लीत घालवला. आमच्या दोन खोल्यांच्या जागी पाच मजली इमारत आहे, तळमजल्यावर दवाखाना आणि वर तीन क्लास. पाठीला दप्तरं लावलेल्या पोरींचे लोंढे चढत होते, उतरत होते. एका पोरीला विचारलं तर ती म्हणाली, "आजी, इथे पार्किंगच आहे ओन्ली. जुनं असं काही नाहीये." खरंच नव्हतं.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ मागवली. अकोल्याच्या जिभेला ती गोड लागली. मी मालकांना सहज म्हटलं, जरा तिखट असायला हवी होती. त्यांनी हिशेबाच्या वहीतून मान वर न करता विचारलं, "बाहेरगावच्या का?" आमच्याकडे असं म्हटलं असतं तर आतून मिरचीचा ठेचा आला असता आणि वर चार प्रश्न. इथे पाण्याचा ग्लास तेवढा पुढे सरकला. मला राग आला नाही. हे बोलणं मी लहानपणी रोज ऐकलेलं, उलट घरी आल्यासारखं वाटलं.

पोस्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीरमामांना पोस्टाच्या पायऱ्यांवर भेटायचं ठरलं होतं. बशीरमामा म्हणजे बाबांचे त्याच हॉलमधले सोबती. गंज पेठेतलं जुनं घराणं, वडील अत्तराच्या धंद्यात, हे एकटेच सरकारी नोकरीत शिरलेले. आईला भाऊ नाही म्हणून पुण्यात असताना ती यांना राखी बांधायची, आणि अकोल्याला गेल्यावर दरवर्षी न चुकता पाकिटातून पाठवायची. आता शहाऐंशी वर्षांचे, मुलाकडे विश्रांतवाडीला असतात. पांढरा सदरा, काठी, आणि डोळे तेच, हसताना मिटणारे. पण त्या दिवशी ते फार हसत नव्हते. माझ्या लक्षात आलं, पण वयामुळे असेल म्हणून मी ते सोडून दिलं.

इमारत सुंदर आहे. मी तीस वर्षं चित्रकला शिकवली, उगाच सुंदर म्हणत नाही. काळा दगड, ओळीने कमानी, वर मंगलोरी कौलं, आणि मधोमध घड्याळ. ते दुरुस्तीनंतरही दहा मिनिटं मागेच आहे. "तेव्हाही मागेच होतं," बशीरमामा म्हणाले. "आम्ही त्याला दहा मिनिटं मिळवूनच वाचायचो."

इमारतीचा इतिहास भिंतीवरच्या निळ्या पाटीवर पाच ओळींत आहे. मामांकडे तो जास्त होता. मोठ्या कमानीवर साहेबाचा मुकुट कोरलेला होता. स्वातंत्र्यानंतर तो छिन्नीने उडवला, आणि उडवणाऱ्या गवंड्याने दगड इतका गुळगुळीत केला की पावसाळ्यात नेमकी तीच जागा चमकते, मुकुट कुठे होता ते उलट जास्त कळतं. खणांवरची इंग्रजी नावं खरवडून देवनागरीत रंगवली. पानशेतचं धरण फुटलं त्या आठवड्यात मामांच्या नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. ओली पत्रं या हॉलभर दोऱ्यांवर वाळत घातली होती आणि "आम्ही सुखरूप आहोत" एवढ्याच मजकुराची कार्डं पोत्यांनी निघत होती. मग तार बंद झाली, टपाल लावायचं काम नव्या केंद्रात गेलं, हॉल रिकामा पडला. पाडून टोलेजंग इमारत उभारायची असंही घाटत होतं. यादीत नाव आलं म्हणून वाचली. दुरुस्तीला सिमेंट चालत नाही, म्हणून चुन्यात गूळ आणि बेलफळ घालून तो दगडी चाकाच्या घाण्यात मळला. मामा रोज बसने येऊन ते पाहत बसायचे. मुंग्या फार झाल्या, एवढीच त्यांची तक्रार.

मी हॉलच्या दारात थांबले. आईने सांगितलं होतं त्याप्रमाणे अंधार शोधू लागले.

अंधार नव्हता. उत्तरेच्या भिंतीला छताजवळ ओळीने सात उंच खिडक्या होत्या आणि त्यांतून सपाट, पांढरा, कुठेही सावली न टाकणारा उजेड खाली उतरत होता. असा उजेड चित्रकाराला मागूनही मिळत नाही. या हॉलमध्ये मुंगीचे पाय मोजता आले असते. आता आईला जाऊन काय सांगायचं?

"बाबा कुठे उभे राहायचे?" मी विचारलं.

मामांनी काठीने डावीकडचं कपाट दाखवलं. सागवानी, माणसापेक्षा उंच, साठ-सत्तर चौकोनी खण. खालच्या ओळीच्या कडा हात लागून लागून गोल झालेल्या. मी तिथे उभी राहिले. बाबांचे हात जिथे फिरले असतील तिथे हात ठेवला आणि वाचू लागले. मांजरी. लोणी. फुरसुंगी. विश्रांतवाडी. आळंदी. मी वरपासून खालपर्यंत वाचलं, पुन्हा वाचलं. सगळी शहराबाहेरची गावं. पेठ एकही नव्हती.

"मामा, सदाशिव पेठेचा खण कुठाय?"

काठी हळूच उजवीकडे वळली, समोरच्या कपाटाकडे. तिथे वरच्या ओळीत होता: शनिवार, नारायण, सदाशिव.

"आपण राहतो त्या पेठेचं टपाल आपण लावायचं नाही, असा इथला शिरस्ता होता," मामा म्हणाले. "आपल्या घरचं पत्र दिसलं की हात थांबतो, नको तिथे नजर जाते. म्हणून हेडसॉर्टर पहिल्या दिवशीच कपाट नेमून द्यायचे. वसंतराव, तुझे बाबा, बाहेरगावाला. आणि पेठांच्या कपाटावर मी."

मला समजायला वेळ लागला नाही. आम्ही खिडकीखालच्या बाकावर बसलो. मामांनी जे सांगितलं ते त्यांनी अनेक वेळा मनात म्हटलेलं असावं, इतकं ते सरळ येत होतं. त्या सकाळी बाबा पेढे घेऊन आले होते. माझ्या चित्राला शाळांच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. ते प्रत्येकाच्या कपाटापाशी जाऊन पेढा भरवत होते आणि चित्रात काय काय काढलंय ते सांगत होते.

"पेढा तोंडात होता आणि कार्ड हातात आलं," मामा म्हणाले. "ताईचं नाव. वऱ्हाडातला शिक्का. कोपरा फाटलेला. वाचलं नाही मी, खुदाकसम. वाचायची गरजच नव्हती. म्हटलं चहा तरी होऊ दे याचा. मग म्हटलं, पिशवी भरेपर्यंत हसू दे. नियम पण होता ना, कार्ड उघडं असतं म्हणूनच त्यातलं कुणाला बोलायचं नाही. मी त्या नियमाच्या मागे लपलो, बेटा. मग पोस्टमन निघून गेला."

एसटीचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. ते पुण्याचे, त्यांची सगळी माणसं दोन पेठांच्या आत. मरणाला पोचायला गाडी लागते, आणि ती चुकते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

बाबांना मात्र त्याच दुपारी कळलं होतं. सदाशिव पेठ कोण लावतं हे त्यांना विचारायची गरज नव्हती. ते कपाटापाशी येऊन उभे राहिले. मामांनी मान खाली घातली. बाबा म्हणाले होते, "तिचा बाप गेला. आता भाऊ पण जायला नको. माझ्यावर राग धरून कुठे जाणार आहे, नवराच आहे मी." आणि आठवड्याने आईने विचारलं तेव्हा "हो" म्हणून मोकळे झाले.

मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो लपवून मी काही थोर होणार नाही. मामांचा आलाच, पण त्याहून जास्त बाबांचा आला. कुणी सांगितला होता हा मोठेपणा? त्यांना वाटलं, आठ दिवसांत निवळेल. निवळलं नाही तेव्हा तरी बोलायचं. एका भावाला वाचवायला त्यांनी आईचा नवरा खर्ची घातला, आणि तिला विचारलं नाही.

"तुम्ही तरी सांगायचं," मी म्हटलं. "बाबा गेल्यावर तरी."

"दर श्रावणात राखी यायची," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर ती थांबली असती."

विश्रांतवाडी

तिसऱ्या दिवशी जायचं नाही असं मी ठरवलं होतं. गेले. मामांच्या सूनबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम नव्या पातेल्यात वरण-भात आणि बटाट्याची भाजी केली होती, आणि पातेलं नवं असल्याचं तीनदा सांगितलं. आमच्या घरी असलं काही पाळत नाहीत म्हटल्यावर त्या हसल्या आणि मग आतून शेंगदाण्याची झणझणीत चटणी आली. पुण्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाने, असं मी त्यांना सांगितलं.

जेवणानंतर मामांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत राख्या होत्या, प्रत्येक आपापल्या पाकिटात, पाकिटावर आईचं अक्षर. सुरुवातीचं टपोरं, अलीकडचं थरथरतं.

"अकोल्याहून आलेली एकही बांधली नाही," ते म्हणाले. "घेतल्या मात्र सगळ्या."

माझा राग तिथे संपला असं म्हणणार नाही. कमी झाला.

मी म्हटलं, आईला आत्ताच फोन लावते, तुम्हीच बोला. ते नको म्हणाले. आईला कमी ऐकू येतं, अर्धं कळेल, अर्धं राहील. त्यांनी कपाटातून कोरी पोस्टकार्डं काढली. निवृत्त होताना घेऊन ठेवली होती, आता त्यांवर वरून तिकीट चिकटवावं लागतं. तासभर लावून त्यांनी एक कार्ड लिहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेटा, हे टपालाने जाऊ दे. तू सांगू नकोस. माझ्या हातून गेलेल्या कार्डाचं आहे हे, कार्डानेच पोचू दे. तेवढं माझं ऐक."

मी हो म्हटलं. पोस्टातल्या माणसाची मुलगी आहे मी, मला ते बरोबरही वाटलं.

चौथ्या दिवशी स्टेशनवर जाताना रिक्षा त्या दगडी पोस्टापाशी थांबवली. कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोल्यात असणार होते, कार्डाला निदान चार दिवस लागणार होते. पर्समधून तसंच घरी नेलं असतं तर? रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी पायऱ्या चढले आणि कार्ड लाल पेटीत सोडलं. पेटी रिकामी असावी, तळाला पडल्याचा आवाज आला.

अकोला

घरात पाय ठेवताच आईने विचारलं, "अंधार होता का?"

मी म्हटलं, "सांगते. एक कार्ड येतंय, ते येऊ दे."

तिने खुर्ची फाटकाजवळ ओढून घ्यायला लावली. चार दिवस ती सकाळपासून तिथे बसली. मी तिला चहा देत होते, औषधं देत होते, पुण्याची मिसळ किती गोड ते सांगत होते आणि जे सांगायचं ते सांगत नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला मी चार दिवस थांबवलं, एका शब्दासाठी. मामांनी बाबांना चार तास थांबवलं होतं, बाबांनी आईला जन्मभर. तिसऱ्या रात्री ती नुसती खोकली तरी मी धडपडत उठले. या चार दिवसांत तिला काही झालं असतं तर मी कुणाच्या नावाने बोटं मोडणार होते?

पाचव्या दिवशी दुपारी पोस्टमन आला. आईने कार्ड हातात घेतलं आणि आधी चारही कोपरे अंगठ्याने चाचपले.

"धड आहे," ती म्हणाली, आणि ते माझ्याकडे दिलं. "वाच. मोठ्यानं."

मी फाटकातच उभी राहून वाचलं. "ताईस बशीरचा नमस्कार. आपले वडील वारल्याचे कार्ड त्या दिवशी वसंतरावांच्या हाती आलेच नव्हते. सदाशिव पेठेचा खण माझ्याकडे होता. मी पाहिले आणि बोललो नाही. वसंतरावांनी दोष स्वतःवर घेतला, तो आपला भाऊ जाऊ नये म्हणून. मी तो घेऊ दिला. यंदा राखी पाठवली नाही तरी मी समजेन."

शेजारच्या अंगणात कुणीतरी कपडे आपटत होतं. आईने मला पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे त्यांना ठाऊकच नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"आणि मी..." मग तिने हात पुढे केला. मी कार्ड दिलं. तिने ते मांडीवर ठेवलं, सरळ केलं, आणि बोटांत जोर नसल्याने दोनदा प्रयत्न करून त्याचा वरचा कोपरा फाडला.

"पाणी तापव," आई म्हणाली. "अंघोळ करते."

मी पाणी काढून दिलं आणि तिला धरून मोरीत नेलं. तिने दार लोटून घेतलं. बराच वेळ तांब्याचा आवाज आला नाही. आला तो आईच्या रडण्याचा, अकरा वर्षं उशिरा. तो संपेपर्यंत मी दाराबाहेर उभी होते. मग तिने पहिला तांब्या अंगावर घेतला.